झेयबेक शिकावा की होरोन?

तुर्कस्तानात नोकरीनिमित्त आलात आणि इथल्या किनारपट्टीचा एखादा नाच शिकावासा वाटला, तर एजियन समुद्राकडचा झेयबेक आणि काळ्या समुद्राकाठचा होरोन ही दोन नावं हमखास कानावर येतात. इझमिरमध्ये मी दोन्ही शिकलो. आठ महिने होरोन, त्यानंतर आजतागायत झेयबेक.

होरोन पहिल्या मिनिटालाच ओढून घेतो. तीन तारांची केमेंचे गजाने वाजायला लागते, हातात हात गुंफले जातात आणि बघता बघता अख्खी ओळ थरथरू लागते. खांद्यांची ही थरथर म्हणजे जाळ्यातल्या हाम्सीची तडफड, असं त्राब्झॉनकडचे लोक सांगतात. हाम्सी म्हणजे आपल्या मांदेलीच्या नात्यातली मासळी. सिक्सारा हा जलद प्रकार नाचताना ते अगदी पटतं. रिझे-आर्त्विनकडे केमेंचेऐवजी बकरीच्या कातड्याचा तुलुम, म्हणजे हवेच्या पिशवीचं फुंकवाद्य, वाजतो, त्याचा आवाज डोंगर भरून टाकतो. ताल बऱ्याचदा सात मात्रांचा. रूपक कानात मुरलेल्यांनी मात्र जपावं: रूपकात तीनचा तुकडा आधी येतो, इथे बहुधा शेवटी. मला ते अंगवळणी पडायला पंधरा दिवस लागले.

मग होरोन का सोडला? कारण एकच. ओळीत असताना शेजाऱ्याचा हात तुम्हाला नाचवतो. तो वाकला की तुम्ही वाकता, त्याने झटका दिला की तुमचा पाय आपोआप पडतो. वर्गात सगळं जमल्यासारखं वाटायचं. घरी येऊन एकटा उभा राहिलो की तिसऱ्या पावलानंतर पुढे काही सुचायचं नाही. चार-पाच महिने हेच चाललं, आणि मला त्याचा फार त्रास झाला. आपल्याला नेमकं काय येतं, हेच कळेना. लहानपणापासून ओळीत वाढलेल्यांना ही अडचण येत नसावी.

झेयबेकमध्ये कुणी हात धरत नाही. गट असला तरी प्रत्येक जण आपापल्या जागी, दोन्ही हात गरुडाच्या पंखांसारखे पसरून. नऊ मात्रा, म्हणजे दोन-दोनचे तीन तुकडे आणि तीनचा एक. संथ झेयबेकमध्ये त्या इतक्या सावकाश येतात, की पाय उचलल्यावर तो हवेतच धरून ठेवावा लागतो. दावुलचा, म्हणजे मोठ्या ढोलाचा, ठोका पडेपर्यंत थांबायचं, मग गुडघा जमिनीला लावायचा आणि घाई न करता उठायचं. डोंगरातल्या एफेंचा, म्हणजे जुन्या सशस्त्र टोळ्यांच्या म्होरक्यांचा, सगळा रुबाब त्या थांबण्यात आहे. चूक झाली तर ती पहिल्या दिवसापासून तुमचीच, लपत नाही. हारमांदाली हा झेयबेकचा एक प्रकार मी सहा आठवड्यांत घरच्या गॅलरीत एकट्याने पूर्ण केला, त्या दिवशीचा आनंद अजून आठवतो.

गुडघे दुखरे असतील तर माझं ऐकू नका, होरोनच बरा. त्यातही उड्या आणि उकिडवं बसणं आहेच, पण संथ प्रकार निवडता येतात. सोबत हवी असेल, परक्या गावात चार माणसं जोडायची असतील, तरीही होरोनच. बाकीच्यांनी निदान तीन महिने झेयबेकला द्यावेत असं मला वाटतं. जुलैत त्राब्झॉनकडच्या पठारांवर जत्रा भरतात, तिथे होरोनची ओळ दिसली की कडेला उभे राहा. कुणीतरी हात पुढे करेल, आणि त्यासाठी आधी शिकलेलं असायची गरज नाही.