जेरी डिपोटोचे ट्रेड्स: दहा वर्षांचा हिशोब, माझ्याकडून पाचपैकी साडेतीन स्टार

17 ऑक्टोबर 2025 ची रात्र, सिएटलचं टी-मोबाइल पार्क, आमच्या मरिनर्सची टोरांटोच्या ब्लू जेजविरुद्ध सेमीफायनल सिरीजची (म्हणजे लीग फायनलची) पाचवी मॅच, आठवी इनिंग. आमच्या कॅल रॉलीने आल्या आल्या होमरन (क्रिकेटमधल्या सिक्ससारखा फटका) मारून 2-2 केलं, मग पोलँकोला वॉक (चार खराब बॉल, फुकटचा बेस), नेलरला वॉक, अरोझारेनाच्या अंगावर बॉल, तिन्ही बेस भरले आणि बॅटिंगला आला युहेनियो सुआरेझ. शेजारी माझे बाबा, दोन महिन्यांपूर्वी सांगलीहून आलेले, बेसबॉलचा ब पण माहीत नव्हता तेव्हा, पण त्या क्षणी तेही उभे होते आणि दोन्ही हातांनी समोरची खुर्ची घट्ट धरलेली. सुआरेझने बॉल उजवीकडच्या प्रेक्षकांत घातला, 6-2, आणि माझ्या घशाची पुढचे दोन दिवस वाट लागली.

घरी परत येताना ट्रेनमध्ये मी बाबांना सांगितलं की ते बेसवर पोहोचलेले तिघं आणि तो सुआरेझ, चौघंही ट्रेडने, म्हणजे दुसऱ्या क्लबशी खेळाडूंची अदलाबदल करून, आलेले आहेत. पोलँको मिनेसोटाकडून, अरोझारेना टॅम्पाकडून, नेलर आणि सुआरेझ तर जुलैतच ॲरिझोनाकडून. बाबांनी लगेच विचारलं, "मग ह्यांच्या बदल्यात दिलं काय?"

बाबा पस्तीस वर्षं बँकेत होते, बराच काळ कर्ज विभागात, त्यांना पहिला प्रश्न हाच सुचणार. त्या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायचं म्हणून हा रिव्ह्यू लिहितोय. मी सिएटलजवळच्या रेडमंडला 2015 च्या शेवटी आलो, जेरी डिपोटो मरिनर्सचा जीएम (जनरल मॅनेजर, टीम बांधणारा) झाला तोही 2015 च्या सप्टेंबरमध्ये (आता त्याचं पद प्रेसिडेंटचं आहे, पण ट्रेडचा शेवटचा शब्द त्याचाच), त्यामुळे त्याची अख्खी कारकीर्द मी पहिल्यापासून बघितलीय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इथे आयपीएलसारखा लिलाव नाही. नवा खेळाडू मेजर लीगमध्ये आला की साधारण सहा वर्षं क्लबच्या ताब्यात असतो आणि त्यातली पहिली काही वर्षं पगार अगदी कमी, म्हणून ताब्यातली उरलेली वर्षं हीच इथली खरी करन्सी. ट्रेड करताना खेळाडूला विचारतही नाहीत, काही मोजक्या लोकांच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये नकाराचा हक्क असतो तेवढाच. आणि जुलैच्या शेवटच्या आसपास डेडलाइन, त्यानंतर त्या सीझनपुरतं दुकान जवळजवळ बंद.

आता ट्रेड चांगला की वाईट हे ठरवायचं कसं? लोक काय करतात, पाच वर्षांनी बघतात कोण स्टार झाला आणि शिव्या घालतात. बाबांचं म्हणणं वेगळं आहे आणि मला ते शंभर टक्के पटतं: कर्ज बुडालं की नाही हे नंतर कळतं, पण अधिकाऱ्याला जोखायचं असेल तर मंजूर करताना समोरचे कागद काय सांगत होते ते बघ. मी तोच नियम लावलाय.

सुरुवातीची दोन-तीन वर्षं डिपोटोने ट्रेडचा नुसता धडाकाच लावला होता. तो स्वतः नव्वदच्या दशकात रिलीफ पिचर (मॅचच्या मध्ये किंवा शेवटी बॉल टाकायला येणारा) होता, खेळाडूंचा अंदाज त्याला पटकन येतो असं सगळे म्हणायचे, आणि येतोही, पण पटकन अंदाज येणाऱ्या माणसाला थांबता येत नाही हा त्याचा तेव्हाचा दोष. जून 2016 मध्ये क्रिस टेलर लॉस एंजेलिसच्या डॉजर्सला दिला आणि झॅक ली नावाचा पिचर घेतला. ली मरिनर्सकडून मेजर लीगमध्ये एकही मॅच खेळला नाही. टेलरने तिकडे बॅटिंग सुधारली आणि पुढच्याच वर्षी डॉजर्स वर्ल्ड सीरिजला (सीझनची अंतिम फायनल) गेले तेव्हा लीग फायनलचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडूचा मान) जस्टिन टर्नरबरोबर त्याला विभागून मिळाला. कागद बघितले तर टेलरचे आकडे तेव्हा खरंच कमजोर होते, हे मान्य. पण तो रोज तुमच्या डोळ्यांसमोर खेळत होता ना, बाहेरच्या क्लबला जे दिसलं ते घरातल्यांना दिसलं नाही, ह्याचे मार्क मी कापणारच.

सगळ्यात वाईट मात्र माझ्या मते जानेवारी 2017 चा ट्रेड. एकाच दिवशी अटलांटाच्या ब्रेव्ह्जकडून मॅलेक्स स्मिथ घेतला आणि तास-दीड तासात तो रायन यारब्रोसकट टॅम्पाला देऊन ड्रू स्मायली आणला. लोकांनी तेव्हा वेगाचं कौतुक केलं. स्मायलीचा खांदा 2015 मध्ये बिघडलेला होता, म्हणजे कागदावर लाल शेरा आधीच होता. मार्चमध्ये कोपर गेलं, ऑपरेशन झालं, मरिनर्ससाठी त्याने सीझनमध्ये एक बॉलसुद्धा टाकला नाही आणि यारब्रोने 2018 मध्ये टॅम्पाला 16 मॅचेस जिंकून दिल्या. ह्याला मी नशीब म्हणणार नाही.

पण केटेल मार्टेवरून सिएटलमधले लोक डिपोटोला जे बोलतात ते मला पटत नाही. नोव्हेंबर 2016, मार्टे आणि ताईवान वॉकर ॲरिझोनाला, बदल्यात जीन सेगुरा आणि मिच हॅनिगर. हो, मार्टे पुढे मोठा खेळाडू झाला. पण सेगुराने त्याच वर्षी नॅशनल लीगमध्ये (मेजर लीगच्या दोन लीगपैकी एक) सगळ्यात जास्त हिट्स मारलेल्या होत्या, तो इथे येऊन दोन्ही वर्षं 300 च्या ॲव्हरेजने (म्हणजे दर हजार संधींत 300 हिट्स, चांगला आकडा) खेळला, 2018 मध्ये तो आणि हॅनिगर दोघंही ऑल-स्टार (सीझनमधल्या निवडक खेळाडूंच्या मॅचसाठी निवडलेले), 2021 मध्ये हॅनिगरच्या 39 होमरन. शिवाय हाच सेगुरा नंतर फिलाडेल्फियाला देऊन जे.पी. क्रॉफर्ड आणला, तो 2025 मध्येही आमचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फील्डर). ट्रेडची साखळी पुढपर्यंत बघावी लागते, पहिल्या कडीवर थांबलं की हिशोब चुकतो.

डिसेंबर 2018 चा न्यूयॉर्क मेट्सचा ट्रेड ह्या नियमाने बघा. रॉबिन्सन कनो, आधीच्या जीएमने दिलेलं 10 वर्षं 240 मिलियन डॉलरचं कॉन्ट्रॅक्ट, त्यातली 5 वर्षं आणि 120 मिलियन बाकी, वय 36, नुकतंच ड्रग पॉलिसीत 80 मॅचेसचं सस्पेन्शन. हे ओझं कोणी घेणार नाही असं वाटत होतं. डिपोटोने त्याच्यासोबत एडविन दियाझ दिला, तोच दियाझ ज्याने त्या वर्षी 57 सेव्ह केले होते (शेवटी येऊन आघाडी राखत मॅच संपवणं), आणि बदल्यात इतर काही खेळाडूंबरोबर जॅरेड केलेनिक, त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंची क्रमाने निवड) सहावा निवडलेला. ओझ्यातले फक्त 20 मिलियन सिएटलने भरले. केलेनिक आमच्यासाठी चालला नाही. 2021 मध्ये त्याचं ॲव्हरेज 181, आणि 2023 मध्ये रागाच्या भरात वॉटर कूलरला लाथ मारून पाय मोडून घेतला. माझ्या टीममधल्या एका मुलाने त्याच्या नावाची जर्सी घेतली होती, अजून कपाटात आहे. आता लोक म्हणतात फसला ट्रेड. मी म्हणतो दिलेल्या दिवशी कागद बरोबर होते, कनोच्या कॉन्ट्रॅक्टचं 100 मिलियनचं ओझं उतरलं, आणि कनो तर पुढे 2021 चं अख्खं वर्ष दुसऱ्यांदा सस्पेंड झाला.

त्याच महिन्यात लास व्हेगासच्या मीटिंग्जमध्ये डिपोटोला फुफ्फुसात रक्ताच्या गुठळ्या झाल्या म्हणून ॲडमिट केलं, आणि त्याने हॉस्पिटलच्या बेडवरून एडविन एनकार्नासिओनचा तीन क्लबमधला ट्रेड पूर्ण केला. काही जण ही गोष्ट कौतुकाने सांगतात. मला ती ऐकून त्याची काळजीच वाटते.

त्याचा सगळ्यात भारी ट्रेड कोणता विचाराल तर पिचर लुइस कस्तियोचा नाही (तो पुढे येतोच), ऑगस्ट 2020 चा सॅन डिएगोच्या पाद्रेजबरोबरचा. ऑस्टिन नोला नावाचा तिशीत पोचलेला कॅचर, ज्याला अवघे काही महिने चांगले गेले होते, तो आणि दोन रिलीव्हर दिले, आणि आले टाय फ्रान्स, आंद्रेस मुन्योझ आणि अजून दोघं. मुन्योझचं तेव्हा नुकतंच कोपराचं ऑपरेशन झालेलं, तो वर्षभर खेळणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे इथेही कोपरच, पण ह्या वेळी धोका आधी मोजून किंमतीत धरला होता. फ्रान्स 2022 मध्ये ऑल-स्टार, मुन्योझ 2024 आणि 2025 मध्ये ऑल-स्टार आणि आमचा क्लोजर (शेवटची इनिंग टाकणारा पिचर). स्मायलीच्या वेळी जे चुकलं ते हा माणूस शिकला, हे मला इथे पहिल्यांदा दिसलं.

पण एक गोष्ट तो बराच काळ शिकला नाही. 26 जुलै 2021, मी आणि बायको मॅचला होतो, ह्यूस्टनविरुद्ध 0-7 पिछाडी, आणि मग डिलन मूरचा ग्रँड स्लॅम (तिन्ही बेस भरलेले असताना होमरन, चार रन) आणि 11-8 ने जिंकलो, अनोळखी माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी बातमी, आपला क्लोजर केंडल ग्रेव्हमन ट्रेड, तोही त्याच ह्यूस्टनला, जे तेव्हा गावातच होते, म्हणजे सामान उचलून फक्त शेजारच्या ड्रेसिंग रूममध्ये जायचं. खेळाडू भयंकर चिडले, पेपरात छापून आलं. कागदावर तो ट्रेड बरोबर होता: ग्रेव्हमनचे दोन महिने उरलेले, बदल्यात अब्राहम टोरो, बरीच वर्षं ताब्यात. आणि टोरोने ऑगस्टच्या शेवटी ग्रेव्हमनच्याच बॉलवर ग्रँड स्लॅम मारून मॅच जिंकून दिली हेही खरं. पण 90 मॅचेस जिंकून त्या वर्षी आम्ही प्लेऑफ थोडक्यात हुकलो, आणि टोरो काय फार टिकला नाही. बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "कागद बरोबर असला तरी ब्रँचमधल्या लोकांना विश्वासात घ्यावं लागतं रे." कर्जाच्या फाइलमध्ये हा रकाना नसतो आणि ट्रेडच्या हिशोबातही नसतो, पण त्याची किंमत मोजावी लागते.

2023 ला परत तेच. मेट्सने सोडून दिलेला पॉल सीवल्ड ज्याला इथेच घडवला, तो क्लोजर 31 जुलैला ॲरिझोनाला दिला, तीन खेळाडू घेतले. आम्ही 88 मॅचेस जिंकून एका मॅचने बाहेर. आणि ऑक्टोबरमध्ये घरी बसून काय बघावं लागलं तर ॲरिझोना वर्ल्ड सीरिजला, केटेल मार्टे लीग फायनलचा एमव्हीपी, शेवटच्या इनिंगला सीवल्ड. त्याच आठवड्यांत डिपोटोने पत्रकारांसमोर ते 54 टक्क्यांचं सांगितलं, की दरवर्षी 54 टक्के मॅचेस जिंकत राहायचं, आणि धीर धरायला सांगून आम्ही फॅन्सवर उपकारच करतोय. नंतर त्याने माफी मागितली. मी त्या वर्षी तिकिटांचं पॅकेज रिन्यू केलं नाही. नोव्हेंबरमध्ये सुआरेझही, जो तेव्हा पहिल्यांदा आमच्याकडे होता, ॲरिझोनाला देऊन टाकला, पगार वाचवायला. मला तो निर्णय आजही मान्य नाही.

लुइस कस्तियोबद्दल थोडक्यात लिहितो कारण वाद नाहीच. जुलै 2022, चार प्रॉस्पेक्ट (होतकरू तरुण खेळाडू) सिनसिनाटीला, त्यातला नोएल्व्ही मार्टे खूप गाजलेला, आणि कस्तियोने ऑक्टोबरमध्ये टोरांटोला जाऊन सात इनिंगच्या वर एकही रन दिली नाही. 21 वर्षांनी मिळालेली प्लेऑफ होती ती. पूर्ण मार्क.

आता 2025, आणि इथे मी माझं मत बदललंय. जुलैमध्ये बाहेरून सगळे म्हणत होते की आता मोठी उडी मारा. डिपोटोने नेलरसाठी दोन पिचर दिले, गार्सिया आणि इझी, सुआरेझसाठी लॉकलिअर आणि दोन पिचर, आणि आमचे तरुण पिचर कर्बी, गिल्बर्ट, वू ह्यांतल्या एकालाही हात लावला नाही. दहा वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं की हा माणूस थांबतोय. कारण खरं सांगायचं तर त्याची सगळ्यात चांगली माणसं ट्रेडने आलेलीच नाहीत: रॉली, ज्याने त्या वर्षी 60 होमरन मारल्या, हुलिओ रॉड्रिगेझ, आणि हे तिघं पिचर, सगळे त्याच्याच काळात ड्राफ्ट करून किंवा पोरसवदा असताना साइन करून घरी वाढवलेले. सुआरेझचं आमच्याकडचं ॲव्हरेज सीझनमध्ये 189 होतं, रोज वैताग यायचा, तरी तो एक बॉल त्याने मारला. आणि नेलर, जाडजूड, पळताना बघून कुणालाही वाटणार नाही, पण इथे येऊन त्याने 19 वेळा बेस चोरला (पिचर बॉल टाकत असताना पळून पुढचा बेस गाठला) आणि एकदाही आउट झाला नाही. बाबा त्याच्यावर फिदा. "हा पिचरचा खांदा बघतोय, पाय नाही," हे त्यांनी दुसऱ्याच मॅचला मला दाखवलं.

सातव्या मॅचचं काय लिहू. 3-1 पुढे होतो, सातव्या इनिंगमध्ये स्प्रिंगरने होमरन मारली, 4-3, संपलं. मुन्योझ तेव्हा बुलपेनमध्येच (राखीव पिचर थांबतात ती जागा) होता. तो निर्णय मॅनेजरचा (मैदानावरच्या कोचचा), डिपोटोच्या खात्यावर मी टाकत नाही. पण वर्ल्ड सीरिजला कधीच न गेलेला एकमेव क्लब आम्ही अजूनही आहोत आणि दहा वर्षांनंतर हे खातं त्याचंच आहे, म्हणून साडेतीनच्या वर मी जात नाही. 2023 च्या शेवटी विचारलं असतं तर अडीच दिले असते.

बाबा नोव्हेंबरच्या सुरुवातीला सांगलीला परत गेले. जाताना मी त्यांना टाइम शिकवून ठेवला, इथली संध्याकाळची 6:40 ची मॅच म्हणजे तिकडे सकाळी 7:10, चहाच्या वेळेला. आठवडा-दोन आठवड्यांनी एका सकाळी त्यांचा फोन, बाकी काही नाही, पहिलाच प्रश्न, "तो नेलर राहिला का रे?" कॉन्ट्रॅक्ट संपलेलं होतं ना त्याचं.

"हो बाबा, राहिला. पाच वर्षं. साडेब्याण्णव मिलियन."

"आणि दिलेले ते दोघं पिचर?"

"ते ॲरिझोनातच."

"मग बरोबर मंजूर केलं होतं," म्हणाले, आणि आईला हाक मारून सांगायला गेले.