उडायला उत्तम, पण क्रॅश झालं की गप्प: ऑर्बिटर २०१६ वरचं एक लँडर ॲड-ऑन

ऑर्बिटर २०१६ या अंतराळ-उड्डाण सिम्युलेटरवर हे दोन टप्प्यांचं लँडर ॲड-ऑन (वरून जोडायचं यान) मी बरेच महिने उडवतोय. नाव मुद्दाम घेत नाही. एका माणसाने फावल्या वेळात केलेलं काम आहे, आणि माझी तक्रार अशा अनेक ॲड-ऑनना लागू पडते. तक्रार एकच: क्रॅश होताना हे लॉगमध्ये (ऑर्बिटरच्या नोंदींच्या फाइलमध्ये) एक अक्षरही लिहीत नाही.

उडण्याबद्दल काही म्हणणं नाही. इंधन जळत जातं तसं यान हलकं होत गेलेलं थ्रॉटलवर हाताला जाणवतं, आणि चंद्राच्या पृष्ठभागाजवळ शेवटचे काही मीटर उतरताना जो ताबा मिळतो तो फार कमी ॲड-ऑनमध्ये मिळतो. पॅनल, आवाज, मॉडेल, सगळं छान.

पण लँडरला डॉक केलेला टग (ओढून नेणारं यान) सोडून दिला की काही वेळाने खेळ खलास. विंडो गायब, संदेश नाही, थेट डेस्कटॉप. लॉग उघडावा तर शेवटच्या ओळी सिम्युलेशन सुरू झाल्याच्या, पुढे कोरं. वर ही फाइल ऑर्बिटर पुन्हा सुरू केलं की नव्याने लिहिली जाते, त्यामुळे क्रॅश झाल्या झाल्या तिची कॉपी काढून ठेवा.

ऑर्बिटर स्वतः याबाबत चोख आहे. एखादी डीएलएल (ॲड-ऑनचा चालणारा कोड असलेली फाइल) लोड झाली नाही की लॉगमध्ये कोड पडतो. १२६ म्हणजे त्या डीएलएलला लागणारी फाइल सापडत नाहीये, बहुतेक वेळा व्हिज्युअल सी प्लस प्लसचा रनटाइम. १९३ म्हणजे ३२ बिटच्या ऑर्बिटरला ६४ बिटची डीएलएल दिलीय. नुसता एक आकडा, पण अख्खी संध्याकाळ वाचते. ॲड-ऑनवाल्यांसाठीही लॉगमध्ये ओळ लिहायचं तयार फंक्शन एपीआयमध्ये (ॲड-ऑनना ऑर्बिटरशी बोलायला दिलेल्या फंक्शनच्या संचात) आहेच. ते एकदाही वापरू नये?

ॲड-ऑनचा सोर्स कोड सोबत दिलाय, म्हणून शेवटी स्वतः बिल्ड करायला (त्यातून डीएलएल बनवायला) बसलो. आधी टूलसेट (कंपायलरचा संच) सापडेना. प्रोजेक्ट जुन्या व्हिज्युअल स्टुडिओचा, तो माझ्याकडच्या आवृत्तीसाठी रीटार्गेट केला. मग हेडर सापडेनात, कारण इन्क्लुडचा पाथ लेखकाच्या मशीनवरचा. तो ऑर्बिटरच्या एसडीकेच्या (ॲड-ऑन बनवायच्या साहित्याच्या) फोल्डरकडे वळवला, तर लिंकरने ‘अनरिझॉल्व्ड एक्स्टर्नल’ची रांग लावली, एसडीकेमधल्या दोन लिब फाइल्स जोडल्यावर ती गेली. तेव्हा लिहिलं असतं तर सगळा राग बिल्डवरच काढला असता. आता तसं वाटत नाही. कंपायलर निदान फाइल आणि ओळ तरी दाखवतो. एरर वाचायची, दुरुस्त करायची, पुढे जायचं.

खरा चोर डीबगरने पकडला. डीबग बिल्ड केली, ऑर्बिटरच्या प्रोसेसला डीबगर जोडला आणि टग सोडला. ॲक्सेस व्हायोलेशन (परवानगी नसलेल्या मेमरीला हात), प्रीस्टेप कॉलबॅकमध्ये, म्हणजे सिम्युलेशनच्या प्रत्येक पावलाआधी चालणाऱ्या फंक्शनमध्ये. टग ठरावीक अंतरापलीकडे गेला की ॲड-ऑनच त्याला सिम्युलेशनमधून डिलीट करतं, आणि इंधनाचा काटा मात्र जुना पॉइंटर (मेमरीतला पत्ता) धरून त्याच टगला इंधन विचारत राहतो. म्हणूनच टाइम ॲक्सेलरेशन (सिम्युलेशनचा वेग) वाढवलं की क्रॅश लवकर यायचा आणि संशय ग्राफिक्स क्लायंटवर (चित्र दाखवणाऱ्या भागावर) जायचा. प्रश्न वेगाचा नव्हता, अंतराचा होता.

उपाय फार छोटा. पॉइंटर जपून ठेवायचा नाही, हँडल (ऑर्बिटरने यानाला दिलेली ओळख) ठेवायचं. दर वेळी ते यान अजून आहे का हे एपीआयला विचारायचं, नसेल तर काट्यावर शून्य दाखवायचं. सोबत मी लॉगमध्ये एक ओळही घातली. तिथे नवा कंपायलर अडला: २०१६ च्या हेडरमध्ये ते फंक्शन कॉन्स्ट नसलेला (बदलता येणाऱ्या मजकुराचा) कॅरॅक्टर पॉइंटर मागतं. प्रोजेक्टमधला कॉन्फॉर्मन्स मोड (भाषेचे नियम काटेकोर तपासणारा) बंद केला आणि बिल्ड झालं. त्यानंतर टग सोडल्यावर एकदाही क्रॅश नाही.

दुरुस्ती लेखकाला पाठवलीय, नव्या आवृत्तीत अजून आलेली नाही. ज्यांना बिल्ड करायचं नाही त्यांनी टग सोडूच नये, डॉक करूनच ठेवावा. वजन वाढतं, पण उड्डाण पूर्ण होतं. आणि स्वतः बिल्ड केलेली डीएलएल वापरत असाल तर नवी आवृत्ती वरून टाकण्याआधी ती बाजूला काढून ठेवा, नाहीतर झिप उघडताना ती पुसली जाईल आणि तोच क्रॅश परत येईल.