मेरिनो थर्मल: अख्ख्या घराने हिवाळाभर घातले, आता सांगते कसे आहेत

बर्फाच्या प्रदेशात राहायला जायचं ठरलं की घरात सगळी चर्चा जॅकेटची. सगळ्यात जाड कुठलं, सगळ्यात भारी कुठलं, आणि निम्मं बजेट तिथेच उडतं. आमच्याकडे मी आधी आतले कपडे घेतले, म्हणजे मेरिनो लोकरीचे (मेरिनो ही मऊ लोकरीच्या मेंढीची जात) थर्मल, फुल बाह्यांचा टॉप आणि खाली लेगिंग असा सेट, आम्ही दोघं, सासूबाई आणि दोन्ही मुलं, सगळ्यांसाठी. नवरा म्हणत होता एवढे पैसे बनियनवर कोण घालतं. आता तोच सकाळी पहिल्यांदा ते शोधतो.

आधी टोचण्याचं बोलू, कारण लोकर म्हटलं की सगळ्यांचा तोच प्रश्न असतो. सासूबाईंनी तर सरळ सांगितलं होतं, "अगं मला नको ते लोकरीचं, अंगभर खाज सुटते." पण खाज लोकरीमुळे नाही, धाग्याच्या जाडीमुळे सुटते. साधारण 30 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वरचा जाड धागा असला की त्याचं टोक त्वचेला टोचतं, चांगल्या मेरिनोचा धागा 17 ते 19 मायक्रॉनच्या आसपास असतो, तो एवढा बारीक की त्वचेला लागला की वाकतो. सासूबाई आता घरातही काढत नाहीत. धाकट्याची त्वचा नाजूक आहे, त्यालाही चाललं, फक्त मानेमागचं लेबल कापून टाकावं लागलं. अर्थात ज्यांना खरंच लोकरीची अॅलर्जी आहे किंवा एक्झिमा आहे त्यांनी आधी एकच घेऊन बघा, एकदम घरभरासाठी ऑर्डर करू नका.

आता मुख्य मुद्दा, मी कॉटनचे जाड थर्मल न घेता हे का घेतले. थंडीच्या जागी माणूस दिवसभर थंडीत नसतोच, ही गोष्ट तिथे जाईपर्यंत लक्षात येत नाही. बाहेर उणे 15, आत हीटरमुळे 20-22 अंश, आणि दिवसातून कितीतरी वेळा आत-बाहेर. मुलं दुकानात, शाळेच्या कॉरिडॉरमध्ये सगळे कपडे अंगावर घेऊन उभी राहतात, घामाघूम होतात आणि मग तशीच बाहेर पडतात. कॉटन घाम पितं आणि धरून ठेवतं, आणि पाणी हवेपेक्षा जवळजवळ 25 पट वेगाने अंगातली उष्णता खेचून नेतं, म्हणजे ओलं बनियन घालून बर्फात उभं राहिल्यावर वरचं जॅकेट कितीही महाग असलं तरी हुडहुडी भरणारच. लोकर स्वतःच्या वजनाच्या 30 टक्क्यांपर्यंत ओलावा शोषते तरी अंगाला ओली लागत नाही. थोरला बर्फात लोळून, धावून, घामेजून परत येतो आणि पाठीला हात लावला तर गरम असते, मला एवढंच पाहिजे होतं.

वासाचंही सांगते, लोकरीला घामाचा वास लवकर धरत नाही. दोन-तीन दिवस एकच सेट घातला तरी चालतो, रात्री नुसता हवेवर टांगायचा. नवीन घरात वॉशिंग मशीन यायच्या आधीच्या दिवसांत याचं मोल कळलं.

घेताना जीएसएम बघा, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन, त्यावरून जाडीचा अंदाज येतो. 150 पातळ, 200 मधलं, 250 जाड. लोक घाबरून सगळ्यांना 250 घेतात, ते नका करू. पळणाऱ्या मुलांना आणि रोज ऑफिसला जाणाऱ्यांना 200 पुष्कळ झालं, 250 सासूबाईंसारख्या बसून असणाऱ्यांना किंवा ज्यांना स्टॉपवर बराच वेळ उभं राहावं लागतं त्यांना. लेबलवर टक्केवारी पण वाचा, समोर मोठ्या अक्षरात मेरिनो लिहिलेलं असतं आणि मागे बारीक अक्षरात बाकी सगळं अॅक्रिलिक. मात्र 15-20 टक्के नायलॉन असेल तर ते वाईट नाही, उलट टिकतं जास्त.

साइजचं मुलांच्या बाबतीत आपल्याला वाढत्या अंगाचं घ्यायची सवय, ती इथे चालत नाही. थर्मल अंगाला चिकटून बसलं नाही तर मधून हवा फिरते आणि त्याचा उपयोगच संपतो. वाढत्या अंगाचं घ्यायचं ते वरचा स्नोसूट, काही सूटच्या बाह्यांना आणि पायांना आत जास्तीची शिवण असते, मूल वाढलं की ती उसवायची. बुटातही बोटं हलतील एवढी जागा पाहिजे, दोन-दोन मोजे कोंबून बूट घट्ट झाले तर रक्त नीट फिरत नाही आणि पाय जास्तच गार पडतात. एकच जाड लोकरीचा मोजा घाला.

आता तक्रारी. 150 वाल्या टॉपला पहिल्याच सीझनला काखेत आणि अंगठ्याच्या भोकाजवळ छिद्रं पडली, या किमतीच्या कपड्याला हे शोभत नाही. पॉलिस्टरपेक्षा वाळायला वेळ लागतो. आणि धुण्याचे नखरे फार आहेत, डाग घालवणारी एन्झाइमवाली पावडर लोकर खाते, सॉफ्टनर नको, गरम पाणी नको, ड्रायर तर अजिबात नको, आडवं पसरून वाळवायचं. उन्हाळ्यात धुऊन घट्ट बंद पिशवीत ठेवावं लागतं, नाहीतर कसर लागते. म्हणून पाचपैकी चार.

आणि थर्मल घेतले म्हणजे झालं असं नाही हां, उघड्या त्वचेला त्याचा काही उपयोग नाही. विंड चिल, म्हणजे वाऱ्यामुळे अंगाला जाणवणारं तापमान, उणे 28 च्या खाली गेलं की उघड्या कातडीला 10 ते 30 मिनिटांत फ्रॉस्टबाइट (हिमदंश) होऊ शकतो, तेव्हा कान, नाक आणि बोटं सांभाळा. मुलांना पाच बोटांच्या ग्लोव्हजपेक्षा मिटन्स घ्या, बोटं एकत्र राहिली की एकमेकांना गरम ठेवतात. लांब मफलर खेळताना कुठे अडकून गळ्याला फास बसू शकतो, त्याऐवजी गळ्यात घालायचं नेक वॉर्मर बरं. फुगीर जॅकेट घालून कार सीटचे पट्टे लावू नका, पट्टा घट्ट वाटतो पण धडक बसली की जॅकेट दबतं आणि पट्टा सैल पडतो. जॅकेट काढा, पट्टे लावा, मग वरून उलटं पांघरा.

निघायच्या आधी मुलांकडून घरातच कपडे घालायची प्रॅक्टिस करून घ्या. आधी बाथरूम, मग स्नो पॅन्ट, बूट, जॅकेट, टोपी, आणि मिटन्स सगळ्यात शेवटी, कारण मिटन्स घातल्यावर चेन लागत नाही. वर्गातल्या सगळ्या पोरांना बाई एकेक करून कपडे घालू शकत नाहीत.

प्रवासाला थर्मल आणि मोजे हातातल्या बॅगेत ठेवा, मोठी बॅग उशिरा आली तर पहिले दिवस त्यावर निघतात. जॅकेट आणि बूट शक्यतो पोचल्यावर घ्या, तिथल्या हवेला काय लागतं ते तिथल्या दुकानांना बरोबर माहीत असतं. प्रत्येकी दोन सेट पुरतात, शाळकरी मुलांना तिसरा असू द्या. आणि ज्यांच्याकडे सगळे कपडे एकत्र मशीनमध्ये आणि तिथून सरळ ड्रायरमध्ये जातात त्यांनी याच्या वाटेला न जाता पॉलिस्टरचेच थर्मल घ्यावेत, नाहीतर मोठ्यांचा टॉप धाकट्याच्या मापाचा होऊन बाहेर येईल.