टेनंट स्क्रीनिंग रिपोर्ट: केस डिसमिस, रिपोर्टात मात्र पेंडिंग (2 स्टार)

टेक्ससमध्ये प्लेनोला अपार्टमेंट बघत होतो, अ‍ॅप्लिकेशन फी भरली, बायकोने मुलीच्या शाळेची चौकशीपण केली आणि तिसऱ्या दिवशी नकाराची ईमेल. कारण काय तर क्रिमिनल हिस्ट्री. 2022 मध्ये पार्किंगच्या भांडणावरून माझ्यावर एक मिसडिमीनर (किरकोळ गुन्ह्याची) केस झाली होती, ती सरकारी वकिलांनीच मागे घेतली, कोर्टाने डिसमिस केली, शिक्षा नाही दंड नाही. पण घरमालकांसाठी भाडेकरूंचं रेकॉर्ड तपासणाऱ्या ह्या स्क्रीनिंग कंपनीच्या (नाव घेत नाही) रिपोर्टात ती चक्क 'पेंडिंग'! काउंटीचा जुना डेटा उचलला आणि पुढे काय झालं ते बघितलंच नाही. असल्या रिपोर्टवर लोकांची घरं ठरतात याचा खरंच संताप येतो.

एक स्टार जास्त दिला तो डिस्प्यूटसाठी, म्हणजे चुकीच्या नोंदीवरची माझी तक्रार त्यांनी निस्तरली म्हणून. नकार रिपोर्टमुळे असेल तर घरमालकाला स्क्रीनिंग कंपनीचं नाव कळवावं लागतं आणि 60 दिवसांत मागितली तर कॉपी फुकट मिळते, तशी मागवली, कोर्ट क्लर्ककडून डिसमिसल ऑर्डरची सर्टिफाइड कॉपी आणून अपलोड केली. कायद्याने साधारण 30 दिवसांत तपासावं लागतं, यांनी 19 व्या दिवशी दुरुस्त केलं. तोवर घर गेलं होतं.

आणि दुरुस्त म्हणजे पुसलं असं नाही हां, मलाही आधी तसंच वाटलेलं. फेडरल कायद्याप्रमाणे डिसमिस झालेली केससुद्धा 7 वर्षं दाखवता येते, फक्त 'डिसमिस्ड' असं बरोबर लिहिलेलं पाहिजे. न्यू जर्सीत 1 जानेवारी 2022 पासूनच्या कायद्यामुळे दोषी न ठरलेली केस धरून घरमालकाला सहसा नकार देता येत नाही, तिकडच्या आपल्या लोकांना तेवढा आधार आहे, टेक्ससमध्ये राज्याचा असा कायदा नाही. इथे एक मात्र आहे, भाडेकरू निवडायचे निकष लेखी दाखवावे लागतात, न दाखवताच नकार दिला तर फी परत करावी लागते. मला दाखवले होते, मीच न वाचता सही केली. तुम्ही वाचा, आणि डिसमिस केस चालते का हे फी भरायच्या आधी लीजिंग ऑफिसला ईमेलवर विचारा.

रेकॉर्ड खरंच पुसायचं तर एक्सपंक्शन (रेकॉर्ड पुसायची कोर्टाची ऑर्डर) लागतं, पण डिफर्ड अ‍ॅडज्युडिकेशन (दोषी न ठरवता काही काळ कोर्टाच्या देखरेखीखाली ठेवून मग केस डिसमिस करणं) घेतलेलं असेल तर ते सहसा मिळत नाही, म्हणून डिसमिस नक्की कशी झाली ते वकिलाला आधी विचारा. माझी पिटिशन गेल्या आठवड्यात टाकली. ऑर्डर आली की याच कंपनीकडून परत रिपोर्ट मागवणार आहे.