कागदी पाकीट की डिजिटल रेकॉर्ड: थकलेल्या माणसाला हलवताना सोबत काय द्यावं?

वृद्धनिवासातून रुग्णालयात, तिथून घरी किंवा पुन्हा निवासात, अशी एखाद्या थकलेल्या माणसाची ने-आण सुरू झाली की त्याची माहिती कशी पोचवायची हा प्रश्न उभा राहतो. मी एका वृद्धनिवासाचं रोजचं काम पाहतो. माणसासोबत जाणारं कागदी पाकीट आणि मोबाइलवर उघडणारं डिजिटल रेकॉर्ड, दोन्ही आम्ही वापरलं आहे. ज्यांना आता ठरवायचं आहे त्यांच्यासाठी हे लिहितो. अ‍ॅपमध्ये रिपोर्ट कसे चढवायचे, फाइल कशी लावायची, हे बहुतेकांना ठाऊक असतं, त्यात शिरत नाही.

आधी डिजिटलबद्दल, कारण त्यात खरोखरच दम आहे. कॅज्युअल्टीत छातीत दुखतंय म्हणून आजोबांना नेलं की पहिल्या काही वाक्यांतच डॉक्टर विचारतात, ‘जुना ईसीजी आहे का?’ आजचा बिघाड नवा की जुनाच, हे त्यावरून ठरतं. तो जुना ईसीजी, गेल्या वर्षभरातले क्रिएटिनिनचे (किडनीचं काम दाखवणारे) आकडे, स्कॅनचे रिपोर्ट हे सगळं पाकिटात कोंबता येत नाही. कोंबलं तरी हवा तो कागद हाताला लागत नाही. शिवाय रक्त तपासणीचे आकडे हाताने उतरवताना दशांशचिन्ह इकडचं तिकडे होण्याची भीती असते, ती इथे नाही. अनेक डॉक्टरांकडे उपचार चालू असलेल्या माणसासाठी हा फार मोठा आधार आहे.

मग अडलं कुठे? दारातच. आमच्याकडच्या एका आजींना रात्री अचानक ग्लानी आली. अ‍ॅम्ब्युलन्समधून रात्रपाळीच्या मावशी सोबत गेल्या. रेकॉर्ड मुलीच्या नंबरला जोडलेलं, ओटीपी तिच्या फोनवर जाणार, आणि ती त्या वेळी विमानात. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांपुढे एक वयस्कर, न बोलणारी बाई आणि बंद स्क्रीन. त्यांनी कागदावर ‘स्मृतिभ्रंश?’ असं लिहिलं, आणि हाताशी एवढीच माहिती असताना दुसरं काय लिहिणार? पहाटे मुलीचा फोन लागला. ती म्हणाली, ‘आई काल संध्याकाळी माझ्याशी बँकेच्या व्याजाचा हिशेब करत होती.’ त्या एका वाक्याने तपासाची दिशा बदलली. लघवी तुंबली होती, संसर्ग झाला होता, आणि त्यातून आलेला हा डेलिरियम, म्हणजे आजारपणात अचानक उद्भवणारा मनाचा गोंधळ, होता.

ओटीपीची अडचण सुटू शकते, हे मला मान्य आहे. दोन नंबर जोडता येतात, काही ठिकाणी तातडीच्या वेळेसाठी वेगळी सोय असते. पण माझं मत ओटीपीपाशी थांबलं नाही. मी नंतर ते रेकॉर्ड निवांत उघडून पाहिलं. त्यात निदानं होती, औषधं होती, अ‍ॅलर्जी होती. आजी कालपर्यंत कशा होत्या, हे कुठेच नव्हतं. यात त्या अ‍ॅपचा विशेष दोष नाही. रुग्णाच्या माहितीचा थोडक्यात गोषवारा कसा असावा यासाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ 27269, 2021 मध्ये आलेलं. त्यातसुद्धा औषधं, अ‍ॅलर्जी आणि आजारांची यादी आवश्यक धरली आहे, तर माणूस स्वतःचं काय काय करू शकतो हा भाग ऐच्छिक ठेवला आहे. तरुण माणसासाठी ते चालून जातं. थकलेल्या माणसाच्या बाबतीत मात्र आधीची स्थिती माहीत नसेल तर आजची स्थिती वाचताच येत नाही. डेलिरियम ओळखायचा तो मुळात ‘नेहमीपेक्षा अचानक वेगळं’ यावरूनच. माणूस किती थकला आहे हे मोजणारी, कॅनडातल्या संशोधकांनी 2005 मध्ये मांडलेली क्लिनिकल फ्रेल्टी स्केल अनेक रुग्णालयांत वापरतात. आता तिच्यात 1 ते 9 अशा पायऱ्या आहेत. ती लावतानाही आजारपणाच्या आधीची, साधारण दोन आठवड्यांपूर्वीची स्थिती धरायची असते. ती स्थिती सांगणारं खाटेपाशी कोणी नसेल तर पायरी चुकते, आणि पुढचे बरेच निर्णय त्या पायरीवर अवलंबून असतात.

म्हणून माझा कल पाकिटाकडे आहे. ही कल्पना आमची नाही. इंग्लंडमध्ये सटन भागात 2015 मध्ये ‘लाल पिशवी’ सुरू झाली. केअर होममधून रुग्णालयात जाणाऱ्या वृद्धासोबत ठरावीक कागद, औषधं, चष्मा, कानाचं यंत्र, कवळी आणि घरी परतताना घालायचे कपडे एकाच पिशवीत जातात, आणि पिशवी माणसासोबतच राहते. कानाचं यंत्र मागे राहिलं की आजोबा प्रश्नांची भलतीच उत्तरं देतात आणि गोंधळलेले ठरतात, हे मी पाहिलेलं आहे. कोणत्याही अ‍ॅपमधून कवळी पाठवता येत नाही.

आमच्या पाकिटावरचा पहिला कागद एकच पान असतो, मोठ्या अक्षरात. त्यावर ‘काल’ या शब्दाखाली चार-पाच ओळी. उदाहरणार्थ: ‘वॉकर घेऊन संडासला स्वतः जातात. वर्तमानपत्र वाचतात. डाव्या कानाने ऐकू येत नाही, उजवीकडून बोला. पातळ पदार्थांना ठसका लागतो. माकडहाडापाशी कातडी लाल आहे, जखम नाही.’ शेवटची ओळ बारीक वाटेल, पण बेडसोर आधीचा की तिथे झालेला, यावरून पुढे होणारी वादावादी त्या ओळीने टळते. खाली तारीख, वेळ आणि लिहिणाऱ्याचं नाव. हे पान उघडायला कोणाची परवानगी लागत नाही. वॉर्डातल्या सिस्टरपासून एक्स-रेला नेणाऱ्या मामांपर्यंत जो खाटेपाशी येईल तो वाचतो.

कागदाचे तोटेही खरे आहेत. तो हरवतो, विशेषतः कॅज्युअल्टीतून वॉर्डात हलवताना. तो शिळा होतो; महिन्यापूर्वीचं ‘काल’ दिशाभूल करतं, म्हणून आम्ही दर सोमवारी पान नव्याने लिहितो आणि जुनं फाडतो. आणि खासगी गोष्टी कोणाच्याही नजरेला पडू शकतात, म्हणून त्या पहिल्या पानावर नसतात.

परतीच्या प्रवासात चित्र थोडं वेगळं आहे, आणि इथे मी डिजिटलला झुकतं माप देईन. रुग्णालयाकडून येणारं डिस्चार्ज कार्ड संगणकावरचं असेल तर औषधाचं नाव आणि डोस नीट लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये औषधांमुळे होणारी इजा कमी करण्यासाठी मोहीम सुरू केली. तिने ज्या तीन बाबींवर भर दिला त्यांतली एक म्हणजे अशी ठिकाणाबदलाची वेळ. अनुभवही तसाच आहे: कार्डावर चालू औषधं असतात, बंद केलेली नसतात. झोपेची गोळी तिथे विचारपूर्वक बंद केलेली असते, इथे जुन्या डब्यात ती शिल्लक असते, आणि डिस्चार्जच्या रात्री पुन्हा सुरू होते. त्यामुळे कार्ड छापील असो वा हस्तलिखित, निघण्यापूर्वी मी तिथल्या सिस्टरांना तीन गोष्टी लिहून मागतो: नवीन काय, बदललं काय, बंद काय आणि का. घाई असते, पण नम्रपणे मागितलं की बहुधा देतात.

फोनवरून सांगण्याचा पर्याय मी वेगळा मोजत नाही. पाकीट पोचलं का, हे विचारायला फोन उत्तम. पण ड्युटी बदलली की फोनवर सांगितलेलं पुढच्या माणसापर्यंत पोचत नाही.

तुमच्या निवासाची आणि नेहमीच्या रुग्णालयाची यंत्रणा एकच असेल, आणि रात्रपाळीचा माणूसही ती उघडू शकत असेल, तर तुमचा निर्णय कदाचित वेगळा पडेल, आणि तो बरोबरही असेल. आमच्याकडेही डायलिसिसवर असलेल्या एका आजोबांचं डिजिटल रेकॉर्ड आम्ही आधी पाठवतो, कारण त्यांचे आकडे दर फेरीला बदलतात. पण पाकीट त्यांच्याही उशाशी असतं. त्यात पहिल्या पानावर फिस्टुलाबद्दल, म्हणजे डायलिसिससाठी हातात केलेल्या रक्तवाहिन्यांच्या जोडाबद्दल, एक ओळ लाल शाईने आहे: ‘फिस्टुला डाव्या हातात. या हातावर बीपी घेऊ नये, सुई टोचू नये.’