ब्लूजेवर एक अख्खं सेमिस्टर: लाल डबे, मेसकार्ड आणि स्टॅटिकचा घोळ

जुलैत पहिल्याच लॅबला सरांनी फळ्यावर एक ओळ लिहिली: 'ब्लूजे टाकून या.' ब्लूजे म्हणजे जावा या भाषेत प्रोग्राम लिहून चालवायचं सॉफ्टवेअर. आता जानेवारी संपत आलाय, प्रॅक्टिकल होऊन गेलं, जर्नलवर सह्या झाल्या. मध्ये असे पंधरा दिवस गेले की मी ते उघडूनही पाहिलं नाही, आणि असे आठवडेही गेले की दुसरं काही उघडलंच नाही. जावा पहिल्यांदाच घेणाऱ्यांना थोडा उपयोग होईल म्हणून लिहितेय.

माझं आधीचं भांडवल म्हणजे सी भाषा. एक फाइल, त्यात मेन (प्रोग्राम जिथून सुरू होतो तो भाग), वरून खाली वाचत जायचं. जावात शिरलं की दारातच 'पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन' उभं असतं, आणि ज्याला विचारावं तो म्हणतो, आत्ता पाठ कर, पुढे कळेल. ब्लूजेत ही ओळ लिहावीच लागत नाही. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात 1999 साली मायकेल कोलिंग आणि सहकाऱ्यांनी हे मुळात शिकवण्यासाठीच बनवलं. त्याआधी सिडनीत त्यांची 'ब्लू' नावाची एक भाषा होती, नावातलं ब्लू तिथलं आणि जे जावाचा. आता त्याचं काम लंडनच्या किंग्ज कॉलेजातून चालतं. फुकट आहे. विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये जावा आतच येतं, त्यामुळे 'पाथ सेट कर' हा अर्ध्या वर्गाला रडवणारा प्रकार वाचला. माझ्या 4 जीबीच्या लॅपटॉपवर कुरकुर न करता चाललं.

उघडल्यावर समोर कोड दिसत नाही, चौकोन दिसतात. एक चौकोन म्हणजे एक क्लास, वस्तू बनवायचा साचा. कंपाइल झालेला (म्हणजे चालवण्याजोगा केलेला) नसेल तर त्याच्यावर तिरप्या रेघा असतात. मी पहिला क्लास केला तो मेसकार्डाचा, कारण तेव्हा आयुष्यात हिशोब ठेवण्यासारखं तेवढंच होतं: नाव आणि शिल्लक डबे. महिन्याचे 60. मेथड, म्हणजे कार्डाला सांगायचं काम, एकच: 'जेवले', शिल्लक एकाने कमी करणारी. चौकोनावर राइट क्लिक, न्यू मेसकार्ड, मग एक खिडकी नाव विचारते. मी नाव तसंच टाइप केलं आणि 'कॅननॉट फाइंड सिम्बॉल' आलं. अवतरणचिन्हं आपणच द्यायची असतात. हे कळायला मला अख्खी लॅब लागली, सांगायला लाज वाटते. ती दिल्यावर खाली एक लाल डबा आला. तो ऑब्जेक्ट, साच्यातून निघालेलं एक कार्ड. दुसरा केला रूममेटचा. शेजारी शेजारी दोन लाल डबे.

आता माझ्या डब्यावर डबल क्लिक केलं की इन्स्पेक्टर उघडतो, आत नाव आणि 60. ती खिडकी उघडीच ठेवायची, डब्यावर राइट क्लिक करून 'जेवले' निवडायचं. समोर 60 चे 59 होतात. रूममेटचे 60 च. 'ऑब्जेक्टला स्वतःची स्टेट असते' हे वाक्य मी वहीत दोनदा उतरवून घेतलं होतं, पण डोक्यात शिरलं ते या 59 मुळे.

इनहेरिटन्सलाही, म्हणजे एका क्लासवरून दुसरा काढायलाही, बरं आहे. एका चौकोनातून दुसऱ्याकडे बाण ओढला की कोडमध्ये 'एक्स्टेंड्स' आपोआप येतं. मी मेसकार्डाखाली 'गेस्टकार्ड' काढलं. त्याच्या ऑब्जेक्टच्या मेनूत 'इनहेरिटेड फ्रॉम मेसकार्ड' असा वेगळा भाग येतो, आणि आपण नव्याने लिहिलेल्या मेथडपुढे 'रीडिफाइन्ड' लिहिलेलं असतं. वायव्हाला ओव्हररायडिंग (वरच्या क्लासची मेथड खालच्यात नव्याने लिहिणं) विचारलं तेव्हा मला व्याख्येआधी हा मेनूच आठवला.

त्रास होतो तो बेंचचा. लाल डबे ज्या पट्टीवर बसतात तिला ऑब्जेक्ट बेंच म्हणतात, आणि कोड बदलून कंपाइल केलं की बेंच रिकामा. कारण बरोबरच आहे, जुन्या क्लासचे ऑब्जेक्ट नव्या कोडला कसे चालणार. पण रात्री बाराव्यांदा तीच दोन कार्डं, तीच अवतरणं टाइप करताना कारण बरोबर असून काय उपयोग! नोव्हेंबरात एका सीनियरने दाखवलं की बेंचवरचे ऑब्जेक्ट टेस्ट क्लासमध्ये साठवून हवे तेव्हा परत बेंचवर आणता येतात. हे पहिल्या महिन्यात शिकून घ्या.

आणि मग स्टॅटिक. सबमिशनला प्रोग्राम कमांड लाइनवरून, म्हणजे ब्लूजेशिवाय नुसता हुकूम टाइप करून, चालला पाहिजे अशी अट होती, म्हणजे मेन आलं. मी ते मेसकार्डातच लिहिलं आणि आतून सरळ 'जेवले' बोलावलं. एरर: नॉन-स्टॅटिक मेथड स्टॅटिक ठिकाणाहून वापरता येणार नाही. मग मेथडच्या आधी स्टॅटिक लावलं. आता तोच एरर 'शिल्लक'वर. तिथेही लावलं. एरर गेला, मी खूश. एका कार्डाचं आउटपुट चोख. मग रूममेटचं 30 डब्यांचं कार्ड केलं आणि माझे 59 गायब, माझेही 30. तिने एक डबा खाल्ला की माझाही जायचा. कोड वाचून वाचून डोळे दुखले, चूक दिसेना.

शेवटी तोच क्लास ब्लूजेत उघडला, दोन लाल डबे केले आणि राइट क्लिक केलं. मेनूत 'जेवले' नाहीच! ते जाऊन बसलं होतं वरच्या क्लासच्या चौकोनाच्या मेनूत. इन्स्पेक्टर उघडला, तर आत फक्त नाव. शिल्लक नाही. खिडकीत 'शो स्टॅटिक फील्ड्स' असं एक बटण असतं, सहा महिन्यांत मी त्याच्याकडे बघितलंही नव्हतं. दाबल्यावर शिल्लक तिथे सापडली. दुसऱ्या कार्डाच्या खिडकीतून तेच बटण दाबलं, तोच आकडा. स्टॅटिक म्हणजे एकेका ऑब्जेक्टचं नाही, अख्ख्या क्लासचं मिळून एकच. डबे माझे नव्हते, तिचेही नव्हते, अख्ख्या मेसचा एकच डबा होता. मेनमध्ये आधी न्यू करून कार्ड घ्यायचं आणि मग त्या कार्डाला 'जेवले' म्हणायचं, एवढंच करायला हवं होतं.

यात थोडा दोष ब्लूजेने लावलेल्या सवयीचाही. तिथे न्यू हा एक क्लिक असतो, त्यामुळे कोडमध्ये तो आपणच लिहायचा असतो हे विसरायला होतं. म्हणून माझं मत: पहिले तीन महिने बेंचवर काढा, पण दुसऱ्या महिन्यापासून आठवड्यातून एक प्रोग्राम मेनसकट लिहा. आमची लेखी परीक्षा कागदावर, तिथे राइट क्लिक नाही.

उलट टोकही पाहिलंय. माझी रूममेट आयसीएसई शाळेतली, तिथे तिने ब्लूजे चार वर्षं वापरलं, पण रोज मेनवर क्लिक करून आउटपुट बघण्यापुरतं. बेंचवर ऑब्जेक्ट ठेवून खेळता येतं हे तिने माझ्याकडे पाहिलं. तसं वापरायचं असेल तर कुठलाही एडिटर चालेल.

एक छोटी मजा. कोडपॅड म्हणून एक कोपरा आहे, एक ओळ लिहून एंटर केलं की लगेच उत्तर. तिथे अवतरणात पुणे लिहून त्याची लेंग्थ विचारा. उत्तर येतं 4. प, उकार, ण, मात्रा. मराठी नावांचे रकाने आउटपुटमध्ये सरळ का येत नव्हते ते त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या सेमिस्टरला डेटा स्ट्रक्चर्स आहे आणि मी इंटेलिजे हे जावाचं मोठं सॉफ्टवेअर टाकलंय. तिथे सजेशन भराभर येतात, मोठा प्रोजेक्ट आवरतो. ब्लूजे मात्र काढलेलं नाही. परवाच लिंक्ड लिस्टचा (एकाला पुढचा जोडत जाणाऱ्या यादीचा) नोड, म्हणजे एक कडी, लिहून त्यात टाकला, इन्स्पेक्टरमध्ये 'नेक्स्ट'च्या बाणावर क्लिक करत एकेक खिडकी उघडत गेले. पाचवीला नल आलं, म्हणजे पुढे काहीच नाही. मी सहा नोड टाकले होते. अजून शोधतेय.