मेश म्हणून लावले, निघाले रिपीटर

मुलाचं घरून काम सुरू झालं आणि आमच्या कोथरूडच्या रो-हाउसमध्ये वरच्या खोलीत नेट पोचेना. कनेक्शन २०० एमबीपीएसचं, राउटर खाली हॉलमध्ये. ओळखीतून एक जण आला. "काकू, मेश टाकून देतो. तीन डबे, साडेअकरा हजार. निर्धास्त राहा." मेश म्हणजे घरभर ठेवलेले, मिळून एकच वायफाय देणारे डबे.

तासाभरात डबे लागले. राउटरशेजारी उभं राहून त्याने स्पीड दाखवला, १८८. मी तिथल्या तिथे पैसे पाठवले. खरं तर वर जाऊन, दार लावून बघायला हवं होतं. पण माणूस घाम पुसत उभा, चहा पिऊन झालेला. संकोच वाटतो हो.

रात्री वर १४.

रविवारी मुलाने डबा उलटा केला. तळाला चकचकीत स्टिकर. नखाने कोपरा उचलला तर खाली दुसरं: रिपीटर, फक्त २.४ गिगाहर्ट्झ. म्हणजे वायफाय पकडून पुढे पाठवणारा साधा डबा, तोही एकाच रेडिओ-पट्ट्यावर चालणारा. तिन्हींना त्या माणसाने एकच नाव आणि एकच पासवर्ड दिला होता, त्यामुळे फोनवर एकच नेटवर्क दिसायचं. मी तेवढ्यावरच भुलले. असा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्यावरच पुढे बोलतो, म्हणून स्पीड जवळपास अर्धा होतो. पुढचा डबा त्याच्याकडून घेत असला तर आणखी अर्धा. शिवाय फोन वर नेला तरी खालच्याच डब्याला चिकटून राहायचा. खऱ्या मेशमध्ये सगळे डबे एका अ‍ॅपमध्ये दिसतात आणि फोनला जवळच्या डब्याकडे वळवतात. तरी मध्ये स्लॅब असला की वरच्या डब्यापर्यंत केबल ओढलेली बरी. केबलचं तर त्याने नावही काढलं नव्हतं.

फोन केला तर "तुमच्या भिंतीच जाड आहेत". नंतर उचलणंच बंद. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला, त्यांनी बिल मागितलं. माझ्याकडे काय, वहीच्या पानावर 'वायफाय काम ११,५००' एवढंच. ना मॉडेल, ना जीएसटी नंबर.

शेवटी दुसऱ्याकडून जिन्याच्या कडेने कॅट सिक्स ही नेटची केबल आणि वर एक अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे केबलवरून आलेलं नेट वायफायने देणारा डबा, बसवून घेतला. केबल तांब्याचीच ना, म्हणून विचारलं, तर त्याने टोक सोलून तार ब्लेडने खरवडली. आतूनही लालसरच. चंदेरी निघाली असती तर तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. मग दार लावून स्पीड बघितला, १८१, आणि पैसे वरच्या खोलीतच दिले.